बंड्या बाहेर आहे, हे कोणाला दिसायला हवं?

प्रश्न: आम्ही मिनीॲपोलिसजवळ राहतो. बंड्या हा आमचा आठ वर्षांचा जर्मन शेफर्ड मिक्स. मी नर्स आहे, आठवड्यातून तीन दिवस बारा तासांची ड्यूटी असते. नवरा कामासाठी बऱ्याचदा बाहेरगावी. सासू-सासरे यंदा पहिल्यांदाच हिवाळ्यात साताऱ्याहून आलेत, एप्रिलपर्यंत राहतील. बंड्याला मागच्या अंगणात सोडायचं काम सासऱ्यांनी हौसेने घेतलंय. मागच्या आठवड्यात त्यांनी त्याला बाहेर सोडलं, सरकतं दार लावलं आणि टीव्हीसमोर त्यांचा डोळा लागला. बंड्या डेकवर बसून राहिला. ऑक्टोबर आहे म्हणून निभावलं, जानेवारीत काय? नवऱ्याने बॅटरी आणि सोलर पॅनेलचा कॅमेरा शोधलाय, वायरची कटकट नाही, सव्वाशे डॉलरच्या आत बसतो. मला फोनवर बंड्या दिसेल. पण सासूबाई म्हणाल्या, ‘म्हणजे आता आमच्यावरही लक्ष का?’ कोणता कॅमेरा घ्यावा?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर:

तुमच्या नवऱ्याने निवडलेला कॅमेरा साताऱ्याच्या घराला लावायचा असता तर मी काही हरकत घेतली नसती. मिनेसोटात मात्र ज्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त लागेल, नेमका त्याच आठवड्यात तो मान टाकेल. कारणं पुढे देते. त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य घेऊ, जे तुम्ही सहज लिहून गेलात: ‘मला फोनवर बंड्या दिसेल.’

दिसला, तर तुम्ही काय करणार? तुम्ही वॉर्डात आहात, हातात ग्लोव्ह्ज आहेत, फोन लॉकरमध्ये किंवा खिशात मुका. सूचना येऊन पाऊण तास झाल्यावर तुम्ही ती बघणार. मग घरी फोन लावणार. सासऱ्यांचा डोळा लागलाय, सासूबाई वरच्या मजल्यावर. तोवर तुमचा जीव टांगणीला, आणि बंड्या होता तिथेच. दार उघडणारा हात घरात आहे, तर चित्रही घरातच दिसायला हवं. नवरा बाहेरगावी असताना तर हे जास्तच खरं.

म्हणून माझा पहिला सल्ला कॅमेऱ्याचा नाहीच. कपाटात पडलेला एखादा जुना टॅब्लेट असेल तर तो चार्जरला लावून टीव्हीच्या शेजारी उभा करा आणि त्यावर मागच्या डेकचं चित्र दिवसभर चालू ठेवा. सासरे मालिका बघताना मान जराशी वळवली की बंड्या दिसेल. हे एकदा ठरलं की कोणता कॅमेरा घ्यायचा हा प्रश्न निम्मा सुटतो, कारण बॅटरीवरचे बहुतेक कॅमेरे असं दिवसभर चित्र दाखवतच नाहीत. ते एरवी झोपलेले असतात. हालचाल झाली की जागे होतात, थोडं रेकॉर्ड करतात आणि पुन्हा झोपतात. तुम्ही मुद्दाम लाइव्ह चित्र उघडलंत तरी बॅटरी वाचवायला ते बहुधा काही मिनिटांत आपणहून बंद होतं.

आता हालचालीचंच बघा. हे कॅमेरे ज्या सेन्सरने जागे होतात तो उष्णतेतला फरक ओळखतो: मागची भिंत किंवा जमीन गार आणि समोरून सरकणारं अंग गरम. माणूस अंगणात आला की त्याला बरोबर कळतं. पण जर्मन शेफर्डची दुहेरी फर आतली ऊब इतकी छान धरून ठेवते की वरचे केस जवळजवळ हवेइतकेच गार असतात. बंड्याच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, तसाच राहतो, हे तुम्ही पाहिलं असेल. अशा कुत्र्याला तो सेन्सर कधी पकडतो, कधी सोडतो. त्यातून कुत्रा कॅमेऱ्यापुढून आडवा गेला तर पकडण्याची शक्यता बरी, सरळ कॅमेऱ्याच्या दिशेने चालत आला तर कमी. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यात वाईट भाग पुढेच आहे. गारठलेला कुत्रा पळत नाही. तो दाराशी अंगाचं मुटकुळं करून, नाक शेपटीत खुपसून बसतो. म्हणजे खरा धोका सुरू होतो तेव्हा हालचाल थांबते, आणि हालचालीवर जागा होणारा कॅमेरा झोपून राहतो. तुमच्या फोनवर ‘बंड्या बाहेर गेला’ एवढीच एक सूचना असेल, त्यानंतर शांतता. ती बघून तुम्हाला वाटेल, आला असेल आत.

सोलरचं गणित तर मिनेसोटात साफ हुकतं. लिथियम-आयन बॅटरी गोठणबिंदूच्या खाली, म्हणजे ३२ फॅरनहाइटच्या खाली, चार्ज करायची नसते. तसं केलं तर आत लिथियम धातूचा थर जमून ती कायमची खराब होते, म्हणून बहुतेक कॅमेरे त्या थंडीत चार्जिंग स्वतःच थांबवतात. मिनीॲपोलिसला जानेवारीत दुपारचं सरासरी कमाल तापमानसुद्धा गोठणबिंदूच्या खालीच असतं. त्यामुळे बाहेर लखलखीत ऊन पडलेलं असेल, पॅनेलवर बर्फाचा कणही नसेल, तरी बॅटरीत थेंबभर वीज जाणार नाही. शिवाय डिसेंबरात दिवस नऊ तासांचाही भरत नाही, पॅनेलवर बर्फ साचतोच, आणि थंडीने बॅटरीची भरलेली क्षमताही घटते. मग कोणीतरी शिडी लावून कॅमेरा उतरवायचा, घरात आणायचा, तो कोमट होईपर्यंत थांबायचं (नाहीतर गार काचेवर आणि आतही दव धरतं), चार्ज करायचा, पुन्हा शिडी. हे काम उणे पंधरात करणार कोण? सासरे नक्कीच नाहीत, त्यांना शिडीवर चढू देऊ नका.

काही कॅमेरे चार्ज न होणाऱ्या लिथियमच्या एए सेलवर चालतात. ते सेल उणे ४० पर्यंत टिकतात हे खरं, पण सेल टिकले म्हणजे कॅमेरा टिकला असं नाही, आणि झोपून राहायची खोड त्यांनाही आहेच.

खोक्यावर वाचायचं काय, तर ‘ऑपरेटिंग टेंपरेचर’. त्याच्या शेजारी ‘स्टोरेज टेंपरेचर’ असतं, तो आकडा जास्त देखणा असतो आणि दुकानदार तोच दाखवतात. तो कपाटात पडून राहण्याचा आकडा आहे. रिंग, ब्लिंक, आर्लो, नेस्ट यांच्या बॅटरीवर चालणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यांची खालची मर्यादा साधारणपणे उणे २० सेल्सिअस, म्हणजे उणे ४ फॅरनहाइट असते. तुमच्याकडे पारा त्याच्या खाली जाणं काही नवलाचं नाही. ३० जानेवारी २०१९ ला मिनीॲपोलिसला उणे २८ फॅरनहाइट होतं, म्हणजे उणे ३३ सेल्सिअस. त्या दिवशी मिनेसोटात टपालवाटपसुद्धा बंद ठेवलं होतं. तेव्हा निदान उणे ३० सेल्सिअस लिहिलेला घ्या, उणे ४० मिळाला तर उत्तम. (उणे ४० ला सेल्सिअस-फॅरनहाइटचं भांडण मिटतं, दोन्हीकडे आकडा तोच.) वायरवर चालणाऱ्यांतही काही नावाजलेले मॉडेल फक्त उणे १० सेल्सिअसपर्यंतचेच असतात, तेव्हा ‘वायरचा आहे म्हणजे चालेल’ असं धरू नका. आणि आयपी ६५, ६६, ६७ या आकड्यांना भुलू नका. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. थंडीबद्दल त्यात एक अक्षर नाही.

मग घ्यायचा कोणता? पीओई, म्हणजे एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही नेणारा कॅमेरा. घरात राउटरजवळ केबलमध्ये वीज सोडणारा एक छोटा डबा, म्हणजे इंजेक्टर बसतो, तिथून शंभर मीटरपर्यंत केबल नेता येते. वायफायचा प्रश्नच उरत नाही, आणि तुमच्याकडच्या घरांत तो असतो: स्टको म्हणजे सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंतीतली तारेची जाळी आणि खिडक्यांवरचा उष्णता अडवणारा लेप सिग्नल खातात. ‘टरेट’ नावाचा, वाटीत गोटी बसवल्यासारखा दिसणारा प्रकार निवडा, किंवा पुढे झाप असलेला लांबट ‘बुलेट’. घुमट असलेला ‘डोम’ नको. त्या प्लास्टिकच्या घुमटावर दहिवर धरतं, आणि रात्री कॅमेऱ्याचाच प्रकाश त्यावरून परतून चित्र दुधाळ होतं. गोल फिरणारा मोटरवालाही नको. गारठ्यात ज्या वस्तूत फिरणारे भाग कमी, ती वस्तू जास्त टिकते. फोर-के लागत नाही. तुम्हाला बंड्याच्या मिशा मोजायच्या नाहीत, तो बसलाय की उभा, पाय उचलतोय की नाही, एवढं दिसलं की झालं. २.८ मिलिमीटरची रुंद लेन्स डेकला पुरते. मेमरी कार्ड टाकून अखंड रेकॉर्डिंग चालू ठेवा, म्हणजे ‘किती वेळ बाहेर होता?’ या प्रश्नाचं उत्तर मागे जाऊन बघता येईल आणि महिन्याचं भाडंही भरावं लागणार नाही. कॅमेरा, इंजेक्टर, केबल सगळं मिळून तुमच्या सव्वाशे डॉलरच्या आसपास बसतं.

केबल मात्र बाहेरच्या वापराची, पॉलिथिलिनच्या आवरणाची घ्या. घरातली पीव्हीसीची केबल थंडीत कडक होते आणि वाकवली की तडकते. भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वितळलेलं पाणी तिथूनच ठिबकेल, भोकातून आत येणार नाही. आणि बंड्याच्या तोंडाला लागेल इतकी खाली ती कुठेही आणू नका.

केबल ओढणं जमणारच नसेल तर प्लगवर चालणारा वायफाय कॅमेरा ही दुसरी निवड, २.४ गिगाहर्ट्झवर जोडलेला. तुमच्याकडे बऱ्याच घरांना नाताळच्या दिव्यांसाठी वळचणीखाली सॉकेट असतं, ते यासाठी फार सोयीचं. पण त्या सॉकेटचं बटण बहुधा घरात, दाराजवळ असतं. आणि आपल्याकडची मोठी माणसं घरात फिरताना कामाशिवाय चालू दिसलेलं प्रत्येक बटण बंद करतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या बटणावर झाकण बसवा, चिकटपट्टी लावा, वर मराठीत ‘बंड्याचा कॅमेरा’ असं लिहा. यात नुसती गंमत नाही. चालू कॅमेरा स्वतःच्या उष्णतेने आतून किंचित गरम राहतो आणि त्यावर थंडी काढतो. कडाक्याच्या रात्री तासभर बंद राहिला तर पुन्हा सुरू होताना अडण्याची शक्यता जास्त.

जागेचं सांगते. वळचणीखाली, आठ-नऊ फुटांवर, पण छपराच्या अगदी कडेला नको, तिथे पागोळ्या गोठून बर्फाचे सुळे लोंबतात आणि छपरावरचा बर्फ घसरतो तोही तिथूनच. घराच्या बाजूच्या भिंतीतून फर्नेसचे, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या यंत्राचे, पांढरे पाइप आणि कपड्यांच्या ड्रायरचं तोंड कुठे बाहेर निघतं ते आधी बघून घ्या. त्यांतून दमट वाफ येते. तिच्या वाटेत कॅमेरा असला तर काचेवर बर्फाचा थर चढेल आणि दोष कॅमेऱ्याचा वाटेल. अख्खं अंगण दाखवायचा मोह टाळा. पांढरंशुभ्र अंगण आणि आकाश चित्रात आलं की कॅमेरा उजेड कमी करतो आणि कुत्रा नुसता काळा ठिपका होतो. सरकत्या दाराबाहेरचा डेक, पायऱ्या आणि डॉग हाऊस असेल तर त्याचं तोंड एवढंच चौकटीत घ्या. आत यायचं असलेला कुत्रा शेवटी तिथेच येतो. शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येत असेल तर तेवढा भाग सेटिंगमध्ये झाकून टाका.

तुमच्याकडे डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, तेव्हा रात्रीचं चित्र ही नेहमीचीच गरज. इन्फ्रारेड, म्हणजे कॅमेरा अंधारात स्वतः सोडतो त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात पडणारा बर्फ म्हणजे पांढऱ्या रेघांचा गोंधळ, कुत्रा त्यात हरवतो. त्यापेक्षा डेकवर एक साधा एलईडी दिवा संध्याकाळपासून चालू ठेवा आणि बर्फ पडत असेल तेव्हा इन्फ्रारेड बंद करा. खाली साचलेला बर्फ तो उजेड परतवतो, थोड्या दिव्यातही रंगीत चित्र दिसतं. हाच उपाय वापरून एक पैसाही खर्च न करता काम भागू शकतं: घरात एखादा साधा इनडोअर कॅमेरा पडून असेल तर तो सरकत्या दाराच्या काचेला आतून चिकटवून बाहेर बघायला लावा, इन्फ्रारेड बंद आणि डेकचा दिवा चालू. काचेतून इन्फ्रारेड परतून येतो, म्हणून तो बंदच हवा. चित्र फार देखणं नसेल, पण कॅमेरा उबेत राहील आणि उणे ३३ ची काळजी त्याला नसेल. भिंतीला भोक पाडायचं जिवावर आलं असेल तर मी आधी हेच करून बघेन.

आता बंड्याबद्दल. तो रात्रंदिवस बाहेर राहणारा कुत्रा नाही, हे पत्रावरून दिसतं, आणि आठव्या वर्षी तसं करूही नये. पशुवैद्य साधारणपणे सांगतात की २० फॅरनहाइटच्या खाली कोणत्याच कुत्र्याला फार वेळ बाहेर ठेवू नये. बोचरा वारा असेल किंवा अंग ओलं असेल तर त्याच्याही आधी आत घ्यावं. जानेवारीत बंड्याचं काम आटपलं की आत, एवढाच हिशेब. टॅब्लेटवर सासऱ्यांनी काय बघायचं ते त्यांना एकदा नीट दाखवा: एकेक पाय उचलून धरणं, कुडकुडणं, पाठ वाकवून उभं राहणं, दाराकडे तोंड करून बसणं. आणि हे विशेष सांगा, की कुडकुडणारा कुत्रा अचानक शांत झाला तर तो सावरला असं समजायचं नाही. तुम्ही नर्स आहात, माणसांत हे तुम्ही शिकलाच आहात. कुत्र्यातही थरथर थांबून सुस्ती येणं हे शरीराचं तापमान फारच उतरल्याचं लक्षण. कानाची टोकं, शेपटीचं टोक आणि पंजे आधी गोठतात. ती जागा पांढुरकी, कडक लागली तर चोळायची नाही, गरम पाणी नाही, कोमट ओल्या फडक्याने ऊब द्यायची आणि डॉक्टरांना फोन.

डेकवर डॉग हाऊस असेल तर असू द्या, पण ते नीट असू द्या. मिनेसोटाच्या कायद्यातच ते कसं हवं हे लिहिलंय: बाहेर ठेवलेल्या कुत्र्याला वारा आणि ओल न शिरणारा निवारा, ओल न धरणारी पक्की जमीन किंवा मातीपासून निदान दोन इंच उचललेली, १ नोव्हेंबर ते ३१ मार्च दाराला वाऱ्याचा आडोसा, आणि आत पुरेसं अंथरूण. तुमचा कुत्रा घरातला असला तरी चुकून अर्धा तास बाहेर राहिला तर हाच आडोसा त्याला तारेल. कायद्यात चादर-ब्लँकेटही चालतं, पण मी पेंढाच घालेन. ब्लँकेट ओल धरतं आणि गोठतं, पेंढा कोरडा राहतो. डॉग हाऊसच्या आत कॅमेरा घालू नका, श्वासाच्या वाफेने काच सतत धुरकट राहील. तिथे आत काही लावायचंच तर वायरलेस थर्मामीटर लावा, कुत्र्याच्या दातांपासून लांब. दुसऱ्या कॅमेऱ्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त.

आणि स्वयंपाकघरातला टायमर. दार लावलं की दहा मिनिटांचा टायमर लावायचा, एवढी सवय सासऱ्यांना लागली तर खरं सांगायचं तर कॅमेरा ही वरची सोय आहे. टायमर झोपलेल्या माणसाला उठवतो, कॅमेरा उठवत नाही.

सासूबाईंच्या बोलण्याकडे काणाडोळा करू नका, त्या चुकीचं बोलल्या नाहीत. नव्या देशात, लेका-सुनेच्या घरात, बाहेर बर्फ, कुठे जायची सोय नाही, आणि त्यात दारावर कॅमेरा. त्यातून तुम्ही ड्यूटीवरून कॅमेऱ्याच्या स्पीकरवर ‘बाबा, बंड्या बाहेर आहे’ म्हणालात, तर त्यांना ती मदत वाटणार नाही, हजेरी वाटेल. (बंड्यालाही ते बरं नाही, भिंतीतून तुमचा आवाज आला की तो तुम्हाला शोधत बर्फात फिरत बसेल.) म्हणून स्पीकर आणि माइक दोन्ही बंद ठेवा आणि ते बंद आहेत हे त्यांना दाखवा. कॅमेरा बाहेर बघतोय, घरातलं काही त्यात येत नाही, हेही टॅब्लेटवर दाखवा. काचेला आतून लावलेला कॅमेरा असेल तर त्याची पाठ घराकडे आहे हे त्यांना हात लावून बघू द्या. पहिला टॅब्लेट त्यांचा, तुमच्या फोनवरचं ॲप दुसरं. आणि ड्यूटीवर असताना ते ॲप उघडून बघायची सवय तुम्ही स्वतःला लावून घेऊ नका. फोन करायचाच असेल तर बंड्याचं नाव न काढता जेवणाचं विचारायला करा.

काम या महिन्यातच उरकून घ्या. चिकटपट्टीवरचे स्टँड साधारण ५० फॅरनहाइटच्या खाली नीट धरत नाहीत, आणि गोठलेल्या बोटांनी स्क्रू फिरवणं म्हणजे शिक्षा. नवरा घरी असेल त्या रविवारी शिडी लावा. पक्के स्क्रू पिळण्याआधी कॅमेरा नुसता दोरीने बांधून अंधार पडेपर्यंत थांबा, डेकचा दिवा लावा, बंड्याला बाहेर सोडा आणि सासऱ्यांना त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत बसवून विचारा, चश्मा न लावता दिसतोय का. नाही म्हणाले तर कॅमेरा खाली घ्या, जवळ आणा, पुन्हा विचारा.